मंगळवारी लिहिलेली गुरुवारची बातमी

प्रिय मीरा आणि ईशान,

तुमच्या शाळेचं पत्रक तुमची आई मला दर शुक्रवारी पाठवते आणि मी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते. गेल्या वेळी त्यात वर्गाबाहेरच्या शिक्षणाचं एक पान होतं. ईशानचा वर्ग शेतावर गेला होता. फोटोत सगळ्यांच्या हातात भोपळे, सगळ्यांचे दात दिसतायत. खाली लिहिलं होतं की मुलांनी शेतकऱ्याला खूप प्रश्न विचारले आणि सर्वांचा दिवस आनंदात गेला. रविवारी फोनवर ईशानने मला सांगितलं की तो बसमध्ये दोनदा ओकला, शेतकरी आलाच नव्हता, त्याचा जावई आला होता आणि तो सारखा मोबाइलवर बोलत होता. मग ईशानने विचारलं, "आजी, मग ते तसं का लिहितात?"

मी तेव्हा विषय बदलला, कारण त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. ते द्यायचं तर मला शैलजा सामंत या बाईबद्दल लिहावं लागतं. मला ती आवडत नव्हती. हे सुरुवातीलाच सांगून ठेवते, म्हणजे पुढे ती कुठे चांगली वागली तर तुमचा गैरसमज नको.

बोरीवलीला आपल्या सोसायटीच्या मागे जी दुमजली मराठी शाळा आहे, तिच्या प्राथमिक विभागाची ती मुख्याध्यापिका होती. मुलं तिला सामंतबाई म्हणत, पालकही सामंतबाई म्हणत. मी मनात काय म्हणत असे ते लिहीत नाही. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर चार महिन्यांत तुमच्या आजोबांना माझी शिस्त घरात फार होऊ लागली. त्यांनीच सुचवलं की शाळेचं एक पत्रक निघतं, दर पंधरवड्याला, त्याला कोणीतरी टायपिंग येणारं हवंय. मी गेले. शिपायाने मला पहिलीच्या वर्गातल्या बाकावर बसवलं. त्या बाकावर माझे गुडघे हनुवटीपर्यंत आले. मोठी सुट्टी सुरू झाली आणि संपली. मग बाई आली. मला उठायला त्रास होतोय हे तिने शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "वेळ जात नाही म्हणून आलात की काम करायला?"

नंतर मला कळलं की ती प्रत्येक पालकाला त्याच बाकावर बसवते. गुजराती दुकानदार असो, बँकेतला साहेब असो, गुडघे वर. तिचं म्हणणं होतं की तिथे बसलं की माणूस मुद्द्याचं बोलतो. मला वाटतं तिला आपण उंच दिसायला हवं होतं. ती जेमतेम पाच फूट होती.

खळ घातलेली सुती साडी, खांद्यावर एका रांगेत तीन पिना, तोंडात लवंग. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं लाल पेन, जसं खेळाच्या मास्तरांच्या गळ्यात शिट्टी असते तसं. कचेरीतला पंखा ती मे महिन्यातही लावू देत नसे, कागद उडतात म्हणून. समोरचा माणूस बोलू लागला की ती "हं, पुढे" म्हणे. मूल हरवल्याची तक्रार असो की कोणाच्या वडिलांचं आजारपण, "हं, पुढे." एका आईला मी तिच्यासमोर रडताना पाहिलं आहे. मुलाला इंग्रजी शाळेत घालायचा नवऱ्याचा हट्ट होता, दाखला मागायला ती आली होती, पण तिचं स्वतःचं मन होत नव्हतं. बाईने ते सगळं ऐकलं, दाखल्याचा फॉर्म पुढे केला आणि म्हणाली, "रडायचं आधी की सही आधी?"

एका गोष्टीचं श्रेय मात्र तिला द्यायला हवं. तिच्या हाताखाली रस्त्यावर कधी एका मुलाला ओरखडा आला नाही. महिन्यातून एकदा, गुरुवारी, ती चौथीला शाळेबाहेर न्यायची. त्याला ती परिसर भेट म्हणायची. त्यासाठी तिच्याकडे एक जाड सुती दोरी होती. दोरीला हात-हात अंतरावर गाठी. एका गाठीला एक मूल. पुढचं टोक बाईच्या मुठीत. ती स्वतः रिक्षांच्या बाजूने चालायची आणि बारमाही जवळ असलेली छत्री आडवी धरून अख्खा रस्ता थांबवायची. मुलं कमी आणि गाठी जास्त होत्या. म्हणून सगळ्यात मागच्या मुलाने उरलेली दोरी गुंडाळून खांद्यावर घ्यायची असा नियम होता. मी एकदा म्हटलं, जास्तीची कापून का टाकत नाही, कोणी अडकून पडेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी दोरी नाही, एखादं मूल कापायला सांगितलं.

ती दोरी मला आवडायची नाही. तिला धरून चालणारं मूल थांबू शकत नाही. वाटेत कोणी पानांवर अळी पाहिली, कोणाला चाक दुरुस्त करणारा माणूस बघायचाय, तर मागची गाठ पाठीत येते. रांग बाहेर जायची आणि रांग परत यायची.

पत्रकाचं खरं प्रकरण मला तिसऱ्या अंकाच्या वेळी कळलं. मंगळवारी बाईने मला हाताने लिहिलेला कागद दिला. चौथीच्या मुलांनी वाचनालयाला भेट दिली, ग्रंथपालांनी त्यांना गोष्ट वाचून दाखवली, मुले भारावून गेली, परतताना प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक होते. मी ते टाइप केलं आणि विचारलं, भेट कधी झाली? ती म्हणाली, "परवा आहे."

मला वाटलं वेळेची गडबड आहे म्हणून मसुदा आधी केलाय, नंतर दुरुस्त करतील. बुधवारी तोच मजकूर फळ्यावर लिहिला गेला आणि मुलांनी वहीत उतरवून घेतला, 'आमची वाचनालय भेट' या मथळ्याखाली. गुरुवारी आम्ही गेलो तर वाचनालयाला कुलूप. किल्लीवाले गृहस्थ कोणाच्या तरी बारशाला गेले होते. मुलं पायऱ्यांवर चाळीस मिनिटं बसली, दोन मुलांची भांडणं झाली, एकीने सँडलचा बंद तोडला, आणि रांग परत आली. शुक्रवारी पत्रक निघालं. मुले भारावून गेली.

मी तिच्या कचेरीत गेले. मला बसायला सांगितलं नाही ते बरंच झालं. मी म्हटलं की बाई, कुलूप होतं. ती म्हणाली की हो, तिने पाहिलं होतं. मग आपण काय छापलं? ती म्हणाली, "कुलूप छापून कोणाला काय शिकवणार? आधी ठरवलं की चुकत नाही." हे तिचं आवडतं वाक्य होतं. तिच्या मते त्या गुरुवारी चूक वाचनालयाची झाली होती, तिची नव्हती.

मी कचेरीत चौतीस वर्षं काम केलं आहे. वरिष्ठांनी फाइल बंद केली की ती बंद. मी टाइप करत राहिले. हे मी अभिमानाने लिहीत नाही.

आता प्रणाली. ती त्या वर्षी चौथीत होती. वर्गात सगळ्यात उंच, म्हणून रांगेत सगळ्यात मागे आणि दोरीचं वेटोळं नेहमी तिच्या खांद्यावर. तिची आजी हिराबाय स्टेशनकडच्या बाजारात मासळी विकायची. घर खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात, मुलगा होडी चालवायचा, सून कारखान्यात. प्रणालीचं शाळेतलं सगळं हिराबाय बघायची. मी तिच्याकडूनच मासळी घ्यायचे आणि सामंतबाईही. बुधवारी संध्याकाळी शाळा सुटली की बाई पिशवी घेऊन तिथे उभी असायची, पापलेटचे कल्ले लाल पेनाच्या टोकाने उचलून बघायची. हिराबाय तिला तू म्हणायची. बोरीवलीत सामंतबाईला तू म्हणणारी मला माहीत असलेली ती एकच.

फेब्रुवारीत बाईने ठरवलं की चौथीने कोळीवाडा बघायचा आणि हिराबायने तो दाखवायचा. प्रणालीच्या दप्तरातून चिठ्ठी गेली: नऊवारी साडी, दागिने, केसांत गजरा, डोक्यावर टोपली. हिराबायने मला मासे कापता कापता ती चिठ्ठी दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, नातीने वाचून दाखवली होती. म्हणाली, टोपली डोक्यावर घेऊन कोण जातं आता, ती तर टेम्पोने येते. पण शाळेचं काम म्हणून तिने अर्ध्या दिवसाचा धंदा सोडायचं कबूल केलं होतं. नातीच्या वर्गाला आपलं काम दाखवायचं म्हणून ती मनातून खूश होती. आदल्या रविवारी तिने मला विचारलंही, मुलांना खायला काय करू, सगळी खातात ना.

मंगळवारी माझ्याकडे बातमी आली. बुधवारी ती फळ्यावर गेली. गुरुवारी सकाळी आम्ही होडीने खाडी ओलांडली. मुलं दोरीला, मी फोटो काढायला.

हिराबाय रोजच्यासारखी होती. गाऊनवर ओढणी, हातात रबरी मोजे, पायात गमबूट. बाईचा चेहरा तिथेच पडला. पण मुलांना काही फरक पडला नाही. हिराबायने त्यांना होडीजवळ नेलं. सकाळी ओढलेलं जाळं अजून तसंच पडलं होतं, मुलांसाठी तिने मुद्दाम ठेवलं होतं. ते तिने त्यांच्यासमोर जमिनीवर झटकलं. त्यातून थोडी मांदेली पडली, एक चिंबोरी तिरकी पळाली, आणि मग पिशव्या, दुधाच्या पिशव्या, चिप्सची पाकिटं, एक चप्पल, बाहुलीचा हात, परत पिशव्या. ढीग लागला. मुलं वाकली. कोणी मोजायला लागलं, कोणी पाकिटावरची नावं वाचायला लागलं, कोणी चिंबोरीच्या मागे धावलं. पाहता पाहता दोरीला एकही मूल राहिलं नाही. ती चिखलात पडली होती आणि प्रणाली वेटोळं खांद्यावरून टाकून आजीशेजारी उकिडवी बसून मैत्रिणींना सांगत होती की मांदेली कुठे पकडायची म्हणजे काटा लागत नाही. तिला एवढं बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी फोटो काढले. ते सगळे माझ्याकडे आहेत. पत्रकात एकही आला नाही.

बाईने टाळ्या वाजवल्या. मुलं उठून उभी राहिली. दिवस आपल्या हातातून गेला आहे हे तिला दिसत होतं. तो परत घ्यायला तिने जे केलं, ते तिच्यासारखी बाईच करू शकते. ती म्हणाली, "मुलांनो, आपण कोळीवाड्याबद्दल काय शिकलो ते हिराबाईंना सांगा बघू."

मुलांना काय, सांगितलं की म्हणायचं. त्यांनी हात मागे बांधले आणि कालचा फळ्यावरचा मजकूर एका सुरात म्हटला. कोळी बांधव कष्टाळू व आनंदी असतात. ते सागराला देव मानतात. आम्हाला पाहून कोळी भगिनींना अतिशय आनंद झाला. त्यांनी पारंपरिक वेशात आमच्यासमोर नृत्य करून दाखवले. आम्ही भारावून गेलो.

हिराबाय हातमोजे काढत ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, "मी कवा नाचली गो?"

कोणी हसलं नाही. ती मुलांवर रागावली नाही, बाईकडे तिने पाहिलंही नाही. तिने नातीला विचारलं, "तू पन ह्येच लिवलास?"

प्रणालीने मान खाली घातली. तिने लिहिलं होतं. बुधवारी, सगळ्यांबरोबर, सुंदर अक्षरात.

हिराबायने मुलांसाठी तळलेले बोंबील आणि भाकरी केली होती. मुलांनी खाल्लं. बाईने उभ्यानेच पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली की उशीर होतोय. दोरी धुवून घ्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणाली शाळेऐवजी आधी आपल्या दाराशी आली. तुमच्या आजोबांनी दार उघडलं. तिच्या हातात वहीची फाडलेली दोन पानं होती. तिने मला विचारलं, "आजी, पत्रक आज छापतात ना? हे घालाल?"

मी तिथेच उभ्याने वाचलं. जाळ्यात काय काय आलं त्याची यादी होती. पूर्वी मासे जास्त आणि कचरा थोडा यायचा, आता उलटं, असं आजी म्हणते, हे होतं. माझी आजी नऊवारी फक्त लग्नात नेसते आणि तेव्हाही तिचे गुडघे दुखतात म्हणून नाचत नाही, हे होतं. आणि शेवटी: काल वहीत लिहिलं ते मी पाहिलं नव्हतं, म्हणून हे परत लिहिलं आहे.

त्या मुलीला बाकी काही नको होतं. आपल्या आजीबद्दल खरं छापून यावं, आणि ते घरी नेऊन आजीला वाचून दाखवावं. एवढंच.

मी ती पानं बाईकडे नेली. तिने ती दोनदा वाचली. लाल पेनाला हात लावला नाही. म्हणाली, "छान लिहिलंय." मग पानं माझ्याकडे सरकवली. "छापायचं नाही."

मी पहिल्यांदाच वाद घातला. ती ऐकत राहिली, हं, पुढे, हं, पुढे. माझं बोलून झालं तेव्हा तिने विचारलं की हे पत्रक किती घरांत जातं ते मला माहीत आहे का. जूनमध्ये पहिलीचे प्रवेश सुरू होतील. पालकांनी त्यात काय वाचायचं? या शाळेत मुलांना कचऱ्यात नेतात? पलीकडच्या इंग्रजी शाळेचं पत्रक रंगीत निघतं, त्यात मुलं रोबो बनवतात. बनवतात की नाही ते कोण बघायला गेलंय?

मी म्हटलं की हे खोटं आहे.

"तुमचा मुलगा कोणत्या शाळेत शिकला?" तिने विचारलं.

तुमचा बाबा पलीकडच्याच शाळेत शिकला. तिला ते माहीत होतं.

"हं," ती म्हणाली. "पुढे?"

ज्या उत्तराने माझं तोंड बंद झालं ते खरं होतं, आणि म्हणूनच मी तिला ते आजवर माफ केलेलं नाही. मी झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि मंगळवारचा मजकूर होता तसा काढून आणला. कोळी भगिनींनी नृत्य करून दाखवले. प्रणालीने रांगेत उभं राहून आपली प्रत घेतली, मागची-पुढची दोन्ही पानं पाहिली आणि घडी करून दप्तरात ठेवली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

इथेच थांबली असती तर ती सामंतबाई कसली. वहीची पानं फाडली म्हणून तिने प्रणालीला फळ्यावरचा तो मजकूर दहा वेळा लिहायला लावला. मी ती वही पाहिली आहे. नऊ वेळा शब्दाला शब्द. दहाव्यांदा शेवटी एक वाक्य जास्त होतं: माझी आजी नाचत नाही. त्यावर लाल रेघ होती, पट्टी लावून मारलेली.

पुढच्या बुधवारी बाजारात मी हिराबायच्या समोर कोलंबी निवडत होते. सामंतबाई आली. तिने नेहमीप्रमाणे पेनाचं टोक पापलेटच्या कल्ल्याला लावलं. हिराबायने पापलेट तिच्या पेनाखालून उचललं आणि मागच्या पाटीत टाकलं.

"तुला मासली कशाला, बाय?" ती म्हणाली. "कागदावर लिव. पापलेट मिलालं, ताजं होतं, समदे आनंदी झाले. आदल्या दिशीच लिवून टाक, म्हंजे चुकायला नको."

आजूबाजूच्या कोळणी हसल्या. एकीने बाईला विचारलं, नाच कवा दाखवू, आत्ता की गिऱ्हाईक गेल्यावर. बाई तशीच उभी राहिली, रिकामी पिशवी हातात. तिने हं म्हटलं नाही. मी कोलंबी घेतली, सुट्टे पैसे मोजून दिले, आणि खरं सांगते, बोरीवलीच्या त्या बाजारात मला त्या संध्याकाळी जेवढा आनंद झाला तेवढा फार थोड्या वेळा झाला आहे. बाई त्यानंतर तिथे दिसली नाही. कोणी सांगितलं, ती आता कांदिवलीहून मासळी आणते.

त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी ती निवृत्त झाली. समारंभ गुरुवारी होता. मंगळवारी माझ्या हातात कागद आला. तिचंच अक्षर. भरगच्च सभागृहात माननीय पाहुण्यांच्या हस्ते सत्कार झाला. माजी विद्यार्थ्यांनी अलोट गर्दी केली होती. निरोप देताना बाईंना अश्रू अनावर झाले.

आपल्या स्वतःच्या अश्रूंची बातमी दोन दिवस आधी लिहिणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती, त्यानंतरही नाही. मी कागद घेतला, बरं म्हटलं, आणि जिन्यात प्रणालीला गाठलं. तिला सांगितलं, समारंभात पहिल्या रांगेत बस, दिसेल ते लिही, आणि संध्याकाळी मला आणून दे. तिने विचारलं, "छापाल?" मी म्हटलं, या वेळी बाईंना विचारणार नाही. मी हे न्यायासाठी केलं असं मला लिहिता आलं असतं. पण त्यात दुष्टपणाही होता. मला तिला तिच्याच पत्रकात, तिच्या शेवटच्या दिवशी, खऱ्या मजकुरासमोर उभं करायचं होतं.

प्रणालीने जे आणून दिलं ते मी एक शब्द न बदलता छापलं. माझ्या फाइलमधून इथे उतरवते:

"आमच्या मोठ्या बाईंचा निरोप समारंभ झाला. पाहुणे आले नाहीत, त्यांचा फोन आला. मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या म्हणून आम्हाला पसरून बसायला सांगितलं. मोठे झालेले सात विद्यार्थी आले होते. एक रिक्षा चालवतात, ते गणवेशातच आले. बाईंनी टेबलावर परिसर भेटीची दोरी ठेवली आणि म्हणाल्या, ही आता शाळेची. भाषण चालू असताना मी गाठी मोजल्या. एकोणचाळीस आहेत. आमच्या वर्गात एकोणीस मुलं आहेत आणि पहिलीत अकरा आहेत. माझी आजी आली होती. तिने बाईंना सुके बोंबील दिले आणि 'घे, पन लिवू नको' असं म्हणाली, पण मी लिहिलं आहे. बाई रडल्या नाहीत."

शुक्रवारी पत्रक मुलांच्या हाती गेलं. प्रणाली आपली प्रत घेऊन पळत सुटली, दोरीशिवाय, सरळ बाजाराकडे. हिराबायने ती नातीकडून दोन वेळा वाचून घेतली आणि मग प्लॅस्टिकमध्ये घालून तिच्या ठेल्याच्या खांबाला लावली, तिथे ती पावसाळाभर होती.

एक प्रत नेहमीप्रमाणे शाळेच्या सूचनांच्या फळ्याला टाचली होती. शनिवारी बाईचा शेवटचा दिवस. मी वरच्या जिन्यात उभी राहिले. कबूल करते, मी बघायलाच उभी होते.

ती आवरून बाहेर आली. छत्री काखेत, पिशवी हातात. फळ्यासमोर थांबली. तिने वाचायला सुरुवात केली. ती वाचत असताना मी तिच्या पाठीकडे पाहत होते आणि पाठीवरून मला काही कळलं नाही. तिने परत वाचलं. मग गळ्यातलं लाल पेन हातात घेतलं, टोपण काढलं. मला वाटलं आता पट्टीही काढेल. तिने एकच छोटी रेघ मारली आणि तिच्यावर काहीतरी लिहिलं. टोपण लावलं. फाटकाबाहेर गेली, छत्री आडवी धरून दोन रिक्षा थांबवल्या आणि रिक्षांच्या बाजूने, एकटीच, पलीकडे गेली. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. तिला मुलंबाळं नव्हती. पुढे ती बहिणीकडे मुलुंडला राहायला गेली आणि दोन वर्षांनी वारली, हे मला उशिरा कळलं.

मी खाली येऊन फळा पाहिला. अश्रूंना तिने हात लावला नव्हता. पाहुण्यांना नाही, रिकाम्या खुर्च्यांना नाही, बोंबलांनाही नाही. 'एकोणचाळीस' खोडून वर 'चाळीस' लिहिलं होतं.

मला राग आला. शेवटपर्यंत हिला आकडा गोळाबेरीज करून हवा, असं म्हणत मी तिच्या कचेरीत शिरले. पंखा बंदच होता. दोरी खिळ्याला लटकत होती. मी ती खाली काढून टेबलावर पसरली आणि एका टोकापासून मोजत गेले. एकोणचाळीस गाठी, प्रणालीने सांगितल्या तशा. मग दोरीचं पुढचं टोक, बाईच्या मुठीतलं, हातात आलं. तिथे आणखी एक गाठ होती, बाकीच्यांपेक्षा मोठी, घामाने काळी आणि गुळगुळीत झालेली. ती मुलांसाठी नव्हती, म्हणून प्रणालीने मोजणीत धरली नसणार.

मी दोरी परत खिळ्याला लावली. घरी आले, फाइल काढली, आणि माझ्या प्रतीत पेन्सिलने चाळीस केलं.